विवाहाची पक्की नोंद

व्यापारी घरात दिवसाचा व्यवहार किर्दीत चढल्याशिवाय दुकान बंद होत नाही. दिवाळीला चोपडापूजन होते, नव्या वहीच्या पहिल्या पानावर कुंकवाने स्वस्तिक रेखले जाते आणि आलेल्या-गेलेल्या प्रत्येक रुपयाला तिथी मिळते. त्याच घरात लग्नकार्य निघाले म्हणजे आहेराची यादी जपली जाते, मांडवाची व भोजनाची बिले फाइलला लावली जातात. मात्र ज्या मंगल घटनेसाठी हा सारा खर्च झाला, तिची नोंद सरकारी दप्तरात केली काय, असे विचारले तर वडीलधारी मंडळी एकमेकांकडे पाहू लागतात. ‘शेकडो लोकांसमोर लग्न झाले, त्याला पुरावा कशाला?’ हे उत्तर ठरलेले असते.

हे उत्तर सुखाच्या दिवसांत पुरते. कुटुंबावर अकस्मात आघात झाला की ते तोकडे पडते. कर्ता पुरुष निघून गेला, खात्यावर वारसाचे नामनिर्देशन जुनेच, म्हणजे आईचे किंवा भावाचे राहिले, भागीदारीतील हिस्सा आणि विम्याची रक्कम कोणाची असा प्रश्न उभा राहिला, की पत्नीला प्रथम आपण पत्नी असल्याचे दाखवावे लागते. मांडवात आलेले शेकडो पाहुणे त्या वेळी बँकेच्या खिडकीवर येत नाहीत. शिधापत्रिका, आधार, जुनी पत्रिका असे तुकडे जोडून तिला आपले नाते सिद्ध करावे लागते. विवाहाचे प्रमाणपत्र एका कागदावर ते काम करते. म्हणून ही नोंद घरातील सुनेच्या आणि लेकीच्या संरक्षणाची बाब आहे, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे.

सर्वोच्च न्यायालयाने 14 फेब्रुवारी 2006 रोजी सीमा विरुद्ध अश्विनीकुमार या प्रकरणात हीच दृष्टी ठेवली. कोणत्याही धर्माच्या भारतीय नागरिकाचा विवाह ज्या राज्यात होईल तेथे त्याची नोंदणी सक्तीची असावी, असा निर्देश न्यायालयाने राज्यांना दिला. नोंदणी हा विवाहाच्या वैधतेचा निर्णायक पुरावा नसला तरी तिचे पुराव्यादाखल मूल्य मोठे आहे, हेही तेथे सांगितले गेले. महाराष्ट्रात त्यापूर्वीच ‘महाराष्ट्र विवाह मंडळांचे विनियमन आणि विवाह नोंदणी अधिनियम, 1998’ करण्यात आला होता. त्याच्याही आधी मुंबई राज्याचा 1953 चा विवाह नोंदणी कायदा होता. नोंदीची ही वाट नवी नाही. आपणच तिच्याकडे पाठ फिरवली.

जैन समाजाला 2014 मध्ये राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा मिळाल्यापासून एक गैरसमज मूळ धरू लागला आहे. आपल्याला आता हिंदू विवाह कायदा लागू नाही, असे काहींना वाटते. 2025 च्या प्रारंभी इंदूरच्या कुटुंब न्यायालयाने हीच भूमिका घेऊन जैन दाम्पत्यांचे अर्ज फेटाळले होते. त्याच वर्षी मार्च महिन्यात मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने तो निर्णय रद्द ठरवला. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम 2 मध्ये बौद्ध, जैन व शीख यांचा स्पष्ट उल्लेख आहे आणि अल्पसंख्याक दर्जाने त्यात बदल झालेला नाही. कलम 7 प्रमाणे वधू किंवा वर यांच्यापैकी कोणाच्याही रूढ विधीने विवाह होऊ शकतो. चार फेरे असोत वा सात, घराण्याची परंपरा कायद्याला मान्य आहे.

विधी आणि कागद यांतील क्रमही नीट समजून घ्यावा. अलीकडे मुलगा परदेशी निघाला, व्हिसाची घाई आहे, म्हणून लग्नाआधीच प्रमाणपत्र काढून ठेवण्याचा मोह काही कुटुंबांना होतो. एप्रिल 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याविषयी कडक शब्दांत इशारा दिला. हिंदू विवाह कायद्याखाली विधी झालेच नसतील, तर केवळ प्रमाणपत्राने कोणी पती-पत्नी होत नाही. लग्न मोडले तर असा कागद दोन्ही घरांना कोर्टाच्या पायऱ्या चढायला लावतो. ज्यांना विधीआधी कायदेशीर विवाह हवा असेल त्यांच्यासाठी 1954 चा विशेष विवाह कायदा आहे. त्यात दोघांपैकी एकाचे किमान 30 दिवस ज्या जिल्ह्यात वास्तव्य आहे तेथील विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावी लागते, ती प्रसिद्ध झाल्यावर 30 दिवस थांबावे लागते आणि मग तीन साक्षीदारांसमोर विवाह होतो. हा मार्ग सरळ आहे. त्याला हवा तो फक्त वेळ.

मांडवातल्या लग्नाची नोंद करणे त्याहून सोपे आहे. गावात ग्रामपंचायत, लहान शहरात नगरपालिका आणि मोठ्या शहरात महानगरपालिकेचे प्रभाग कार्यालय येथे विवाह निबंधकाचे काम चालते. विवाहापासून 90 दिवसांच्या आत ‘नमुना ड’ मधील ज्ञापन भरून पती-पत्नी आणि तीन साक्षीदार यांनी समक्ष हजर राहावयाचे असते. ज्यांनी विधी केला त्या पंडितजींची अथवा उपाध्यांची सही व तपशील अर्जावर लागतो. सोबत वय आणि पत्ता यांचे पुरावे, छायाचित्रे, लग्नपत्रिका आणि कोर्ट फी स्टॅम्प द्यावा लागतो. कागद जुळले की ‘नमुना ई’ मध्ये प्रमाणपत्र मिळते. मुदत टळली तरी दार बंद होत नाही. अधिक शुल्क भरून उशिराची नोंदणी करता येते. लग्न उदयपूरला आणि घर पुण्याला, असे असेल तर कोणत्या कार्यालयाकडे अर्ज करावयाचा हे लग्नापूर्वीच विचारून ठेवावे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम 2015 मध्ये आला असून अधिसूचित सेवांची मुदत कार्यालयात लावलेली असते. ती पाहून पावती घ्यावी, म्हणजे खेपा वाचतात.

खेपा बहुधा घालाव्या लागतात त्या नावांतील घोळामुळे. आपल्या समाजात ही अडचण विशेष आहे. शाळेच्या दाखल्यावर आडनाव ‘जैन’, आधारवर गोत्राचे आडनाव, पत्रिकेवर घरातले लाडके नाव आणि पॅन कार्डावर इंग्रजी अक्षरांत चौथाच प्रकार, अशी एकाच मुलीची चार रूपे आढळतात. लिपिकाने अशा वेळी अर्ज परत केला तर त्याला दोष देता येत नाही. बँकेतही नमुना सही जुळली नाही तर धनादेश परत जातोच. म्हणून लग्न ठरताच दोन्ही घरांनी दाखला, आधार, पॅन व पारपत्र शेजारी ठेवून पाहावीत. फरक असेल तर आधी दुरुस्ती करावी. पत्रिका छापताना वधू-वरांची पूर्ण नावे कागदपत्रांप्रमाणेच घ्यावीत. वधूचे विवाहापूर्वीचे नाव दाखल्याप्रमाणे अचूक नोंदवले, तर पुढे नाव बदलण्याचा किंवा माहेरचेच नाव ठेवण्याचा दोन्ही मार्ग तिला मोकळे राहतात.

हिऱ्यांच्या व्यापारानिमित्त अँटवर्पला, दागिन्यांच्या व्यवसायासाठी दुबईला किंवा नोकरीसाठी अमेरिकेला गेलेली मुले आता अनेक घरांत आहेत. भारतीय प्रमाणपत्र बेल्जियममध्ये चालावे यासाठी त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल लागते. संयुक्त अरब अमिरातीसाठी त्यांच्या वकिलातीचे साक्षांकन लागते. मुलाचे लग्न अमेरिकेतच होणार असेल तर क्रम उलटा असतो. तेथे परवाना आधी आणि विवाह मागून. न्यूयॉर्क राज्यात शहराच्या किंवा गावाच्या क्लार्ककडे वधू-वरांना स्वतः जाऊन परवाना घ्यावा लागतो, त्यानंतर साधारणपणे 24 तास थांबावे लागते आणि परवाना 60 दिवस चालतो. विधी करणाऱ्याने सही केलेला परवाना त्याच क्लार्ककडे परत गेला की विवाहाची नोंद पुरी होते. येथून गेलेल्या आईवडिलांनी मुहूर्त काढताना हे दिवस मोजले पाहिजेत.

प्रमाणपत्र हाती आल्यावर त्याची मूळ प्रत लोखंडी कपाटात ठेवून विसरणे योग्य नाही. प्रमाणित प्रती अर्ज करून व शुल्क भरून मिळतात, त्या दोन-तीन काढून ठेवाव्यात. नोंदणी क्रमांक, दिनांक आणि कार्यालयाचे नाव घरच्या वहीत लिहावे. मूळ कागद पुराने भिजला वा घर बदलताना हरवला, तरी ह्या तीन गोष्टींवरून दप्तरातील नोंद शोधता येते. त्या हाती नसतील तर जुनी नोंदपुस्तके वर्षावर्षाने चाळण्याची वेळ येते.

सर्वांत अधिक निकड आहे ती साठी-सत्तरीच्या दाम्पत्यांची. त्यांच्या लग्नाला नोंद नाही, पत्रिका सापडत नाही, विधी करणारे पंडितजी हयात नाहीत. तरीही प्रतिज्ञापत्र, जुने छायाचित्र, मुलांचे दाखले आणि लग्न पाहिलेले साक्षीदार यांच्या आधारे उशिराची नोंदणी कशी होईल, हे निबंधकाला विचारता येते. दोघे सोबत जाऊन सही करू शकतात तोवरच हे काम सोपे आहे. एकाच्या मागे दुसरा राहिला की ती जोडसही कोणत्याच शुल्काने मिळत नाही. मुलांनी आईवडिलांच्या लग्नाच्या वाढदिवसाला भोजनाचा बेत जरूर करावा, पण त्याआधी एक सकाळ निबंधकाच्या कार्यालयासाठी काढावी.

संघ आणि मंडळे यांनाही येथे मोठे काम करता येईल. सामूहिक विवाहात जोडप्यांना भांडी आणि वस्त्रे दिली जातात. त्याच मांडवात कागद तपासणारे दोन जाणते कार्यकर्ते बसवावेत, अर्ज भरून घ्यावेत आणि जोडप्यांना निबंधकाकडे नेण्याचा दिवस ठरवून द्यावा. भांडी काही वर्षांत जुनी होतात. ही नोंद त्या मुलीला पुढे ज्या दिवशी लागेल, त्या दिवशी तिच्या बाजूने बोलणारे दुसरे कोणी जवळ असेलच असे नाही.