आई आणि लेक, एकाच इयत्तेत

आयुष्यात कधी लॅटिन न शिकलेली आई आपल्या दहा वर्षांच्या मुलीला लॅटिन शिकवू शकते का? अमेरिकेतल्या कितीतरी ख्रिस्ती घरांत हे चालू आहे. मुलं शाळेत जात नाहीत. स्वयंपाकघरातलं टेबल हाच त्यांचा वर्ग. लेक क्रियापदाची रूपं घोकते, शेजारी आईही तीच घोकते, आणि पुष्कळदा लेकीची आधी पाठ होतात. शिकवणाऱ्याला सगळं आधीच यायला हवं, ही आपली पक्की समजूत. इथे ती मोडीत निघते आणि तरी शिक्षण होतं, तेही एकाच वेळी दोघींचं! ही किमया समजून घ्यायची तर इंग्लंडच्या सरोवरांच्या प्रदेशातल्या अँबलसाइड या छोट्या गावी जायला हवं.

शार्लट मेसन (1842–1923) यांनी आपलं काम तिथे उभारलं. त्या अविवाहित होत्या. पण 1886 मध्ये ‘होम एज्युकेशन’ हे त्यांचं पुस्तक आलं, आणि पुढच्या काही वर्षांत पालकांची एक संघटना, एक मासिक आणि घरी शिकणाऱ्या मुलांसाठी टपालाने जाणारा अभ्यासक्रम असा मोठा पसारा उभा राहिला. त्यात आयांसाठीही तीन वर्षांचा स्वतंत्र अभ्यासक्रम होता. धर्मशास्त्र, आरोग्य, निसर्ग हे विषय त्यांनी घरीच वाचून अभ्यासायचे. मूल वाढवणाऱ्या बाईच्या बुद्धीलाही रोज खाद्य हवं, हे त्या काळात कोणीतरी इतक्या गांभीर्याने घेतलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

मेसनबाईंची मुख्य पद्धत ऐकायला अगदी साधी आहे. चांगल्या पुस्तकातला एक उतारा एकदाच वाचायचा, पुस्तक मिटायचं, आणि मुलाने तो आपल्या शब्दांत सांगायचा. मध्ये टोकायचं नाही, प्रश्न विचारायचे नाहीत. आता गंमत पाहा. मोठ्याने वाचणारी आईच असते, म्हणजे तिचंही वाचन झालेलं असतं. मूल सांगू लागतं, तसं ती मनातल्या मनात आपलं आठवणं त्याच्याशी ताडून पाहते. समजा, उताऱ्यातल्या जहाजाच्या कप्तानाने नेमकं का तोंड फिरवलं, हे मुलाच्या लक्षात राहिलेलं असतं आणि आईच्या नजरेतून निसटलेलं असतं. एका बैठकीत दोघांची उजळणी होते.

या साध्या रीतीमागचं बळ प्रयोगशाळेत सापडायला पुढे बरीच दशकं लागली. 2006 मध्ये रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी चारही सत्रांत उतारा फक्त वाचला. काहींनी तो एकाच सत्रात वाचून पुढच्या तीन सत्रांत न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं, तेव्हा नुसतं वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र चित्र उलटलं: त्यांना सुमारे 40 टक्के आठवत होतं आणि आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे 61 टक्के. आठवण्याचा प्रयत्न हाच स्मरण घट्ट करतो. आणि हा नियम वय पाहत नाही. तो चाळिशीतल्या आईलाही तितकाच लागू पडतो.

पण ख्रिस्ती घरांत या सगळ्याच्या तळाशी आणखी खोल विचार आहे. तो समजायला एक चित्र पाहावं लागेल. फ्लॉरेन्सच्या सांता मारिया नोव्हेला चर्चच्या परिसरात आंद्रेआ दी बोनाइउतोने 1360 च्या दशकात रंगवलेलं एक भव्य भित्तिचित्र आहे. मधोमध ख्रिस्ती धर्मशास्त्रज्ञ थॉमस अक्वायनस. खाली ओळीने स्त्रीरूपातल्या विद्या आणि प्रत्येकीच्या पायाशी तिचा थोर उपासक: भूमितीपाशी युक्लिड, अंकगणितापाशी पायथागोरस, वक्तृत्वापाशी सिसेरो. या तिघांपैकी कोणीही ख्रिस्ती नाही. तरीही ते त्याच चित्रात मानाने बसले आहेत. मेसनबाईंनी या चित्रातून एक विलक्षण अर्थ घेतला: भूमिती असो, व्याकरण असो की संगीत, प्रत्येक ज्ञान पवित्र आत्माच माणसाच्या मनात उतरवतो. मग खरा गुरू तोच, आणि आई व मूल दोघंही त्याचे शिष्य! न येणारा विषय आईने मुलाबरोबर उघडणं हा तिचा कमीपणा उरत नाही. ते तिचं आपल्या खऱ्या जागी बसणं ठरतं. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातला क्रमही हाच आहे. देवाची वचनं आधी आईबापांच्या स्वतःच्या अंतःकरणात असावीत, मग ती मुलांना शिकवावीत, घरी बसताना आणि वाटेने चालताना.

1984 मध्ये सुझन शेफर मकॉले यांनी ‘फॉर द चिल्ड्रन्स सेक’ या पुस्तकातून मेसनबाईंचे विचार अमेरिकेतल्या ख्रिस्ती पालकांपुढे नव्याने मांडले. तेव्हा घरी शिकवण्याची चळवळ तिथे जोर धरत होती. पुढच्या दशकात सर्व 50 राज्यांत तिला कायद्याने वाट मिळाली. आज अशा घरांत आईचीही एक निसर्गवही असते. मूल रानफुलाचं चित्र काढतं तेव्हा तीही काढते, आणि पाकळ्या किती हे मोजायला तिलाही वाकून बघावंच लागतं. या आया एकत्र जमून मेसनबाईंची पुस्तकं वाचतात, त्यांवर चर्चा करतात. वडील संध्याकाळच्या वाचनात सामील झाले, तर त्यांचंही असंच शिकणं होतं.

ही किमया अनुभवायला शाळा सोडावी लागत नाही. आज रात्री मुलाला एक पान वाचून दाखवा आणि त्याला सांगू द्या, मध्ये न बोलता. मग पुढचं पान त्याला वाचायला सांगा आणि पुस्तक मिटून तुम्ही सांगा. तुमचं काय राहून गेलं, ते मूल लगेच दाखवून देईल. तुमचा पुढचा धडा तिथूनच सुरू होतो.