होकार देण्याआधी

गोकुळाष्टमीला नार्व्यात होतो. सप्तकोटेश्वराचं दर्शन घेऊन घरी येताना भाचीने विचारलं, "मामा, छोट्या कंपनीची समर इंटर्नशिप मिळालीय, उत्तर उद्या द्यायचंय. मोठीची मुलाखत पुढच्या आठवड्यात. आत्ता हो म्हणू, मग बघू?"

अनेक इंजिनीअरिंग कॉलेजांत पुढच्या उन्हाळ्याची भरती जुलै-ऑगस्टमध्येच सुरू होते, त्यामुळे हा पेच दरवर्षी पडतो. मीही तेव्हा 'मग बघू' केलं होतं. होकार देऊन एप्रिलमध्ये नकाराची मेल पाठवली. पुढच्या वर्षी ती कंपनी आमच्या कॉलेजात आलीच नाही. ज्युनिअर मुलांची संधी गेली.

डावपेच वाईट नसतात. छोटीकडे मुदत मागावी. मोठीला हातात ऑफर असल्याचं सांगून मुलाखत लवकर घ्याल का, असं विचारावं. पण नसलेली ऑफर सांगू नये आणि होकारानंतर दुसरीकडे मुलाखती देऊ नयेत. तुमच्यासाठी थांबवलेल्या जागेवर दुसरं कोणी आलं असतं.

भाचीने दोन्हीकडे मेल केली. छोटीने दोन दिवस दिले, मोठीची तारीख हलली नाही. तिने छोटीला होकार दिला आणि मोठीची मुलाखत स्वतःहून रद्द केली. थोडी हिरमुसली, पण मला जे जमलं नव्हतं ते तिला जमलं.