कोट्टक्कलची आर्यवैद्यशाला : तेल, वेळ आणि पथ्य

कळंगुटपासून पाळोळ्यापर्यंत गोव्याच्या किनाऱ्यावर ‘आयुर्वेदिक मसाज’च्या पाट्या आता इतक्या झाल्या आहेत की, आयुर्वेद म्हणजे सुट्टीत तासभर तेल चोळून घेणे, असेच आपल्या मुलांना वाटू लागले आहे. दुसरीकडे, आजोबांचा एक हात लुळा पडला किंवा आईचे गुडघे अगदीच धरले की घरात कोणीतरी सुचवतेच, “एकदा केरळला नेऊन आणा.” या दोन्ही समजुतींच्या मधे खरी गोष्ट काय आहे? ती समजून घेण्यासाठी आपण सव्वाशे वर्षांच्या एका जुन्या संस्थेकडे पाहू. मलप्पुरम जिल्ह्यातील कोट्टक्कलची आर्यवैद्यशाला ती हीच.

केरळात आयुर्वेदाची परंपरा फार जुनी. अष्टवैद्य म्हणून ओळखली जाणारी नंबूदिरी घराणी ती पिढ्यान्‌पिढ्या सांभाळत होती. वाग्भटाचा ‘अष्टांगहृदय’ हा त्यांचा मुख्य आधार. याच ग्रंथाची अण्णा मोरेश्वर कुंटे यांनी संपादित केलेली प्रत १८८० मध्ये मुंबईत छापली गेली होती. म्हणजे तिकडच्या वैद्यांचा हा ग्रंथ आपल्याकडच्या विद्वानांनाही तितकाच जवळचा होता.

अशाच एका अष्टवैद्यांकडे पन्नियिंपळ्ळी शंकुण्णी वारियर, म्हणजेच पी. एस. वारियर (१८६९–१९४४), वैद्यक शिकले. पुढे डोळ्यांच्या दुखण्यासाठी ते एका ॲलोपॅथी डॉक्टरांकडे गेले आणि उपचार घेता घेता त्यांच्याच हाताखाली ते शास्त्रही शिकले. दुसऱ्याचे चांगले ते घेण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. या वृत्तीचा ठसा पुढे संस्थेवरही उमटला.

त्या काळी वैद्य औषध लिहून देत, पण मुळ्या, साली, पाने गोळा करून काढा उकळण्याचे काम रोग्याच्या घरच्यांना करावे लागे. ज्या घरात माणसे कमी किंवा वनस्पती ओळखणारे कोणी नाही, तिथे उपचार अर्ध्यावरच राहत. वारियरांनी १९०२ मध्ये आर्यवैद्यशाला सुरू केली ती ही अडचण ओळखून. शास्त्रात सांगितल्याप्रमाणे औषधे तयार करून ती विकत मिळण्याची सोय त्यांनी केली. दुसऱ्याच वर्षी ‘धन्वंतरी’ हे मल्याळी मासिक काढले. १९१७ मध्ये कोळिकोडला आयुर्वेद पाठशाळा उघडली, ती १९२४ मध्ये कोट्टक्कलला आणली. तिच्याबरोबर धर्मार्थ रुग्णालयही आले. त्यात आयुर्वेद आणि ॲलोपॅथी असे दोन्ही विभाग आहेत.

वारियरांच्या ‘कैलासमंदिर’ या घराच्या दर्शनी भागावर ॐ, क्रॉस आणि चंद्रकोर अशी तिन्ही चिन्हे आहेत. त्यांनी उभारलेली कथकली मंडळी आजही संस्थेचा भाग आहे. त्यांच्यानंतर आलेले पी. माधव वारियर १९५३ मध्ये विमान अपघातात गेले आणि धुरा धाकटे बंधू पी. के. वारियर यांच्याकडे आली. पद्मभूषण पी. के. वारियरांनी ती पुढे सहा दशकांहून अधिक काळ वाहिली. जुलै २०२१ मध्ये वयाची शंभर वर्षे पूर्ण करून ते गेले. आंतररुग्णांचे मोठे रुग्णालय, औषधांचे कारखाने, वनौषधींची लागवड आणि संशोधन हे सारे याच काळात वाढले.

आता उपचारांकडे येऊ. इथे जे होते त्याला मसाज म्हणणे म्हणजे पंगतीच्या जेवणाला चहापाणी म्हणण्यासारखे आहे.

पहिला उपचार ‘पिळिच्चिल’. या मल्याळी शब्दाचा अर्थ पिळणे, आणि कानालाही तो तसाच लागतो. रोग्याला लाकडी द्रोणीत झोपवतात. दोन्ही बाजूंनी सेवक कोमट औषधी तेलात कापड बुडवून ते अंगावर पिळतात आणि हलक्या हाताने चोळतात. खाली साचलेले तेल पुन्हा गरम करून वापरले जाते. तेलाचा ऊबदारपणा सगळा वेळ सारखा राहावा लागतो, म्हणून एका रोग्यामागे चार-चार माणसे लागतात. पुरुषांना पुरुष सेवक आणि स्त्रियांना स्त्री सेविका, असा नियम.

दुसरा ‘ञवरकिळी’. ‘ञवर’ म्हणजे साधारण साठ दिवसांत पिकणारा तांदूळ, आपली साठेसाळी. तो दूध आणि बलामूळ, म्हणजे आपल्या चिकण्याचे मूळ, यांच्या काढ्यात शिजवतात. भात कापडात बांधून पुरचुंड्या करतात आणि त्या त्याच काढ्यात पुन्हा पुन्हा गरम करून अंगावर फिरवतात. क्षीण झालेल्या स्नायूंना बळ यावे हा हेतू. कपाळावर तेलाची किंवा औषधी ताकाची संथ धार धरायची ती ‘धारा’, आणि डोक्यावर उंच टोपीसारखा पट्टा बांधून त्यात तेल ठेवायचे ती ‘शिरोवस्ती’.

हे उपचार सुटे सुटे दिले जात नाहीत. आधी वैद्य प्रकृती, वय, पचन आणि इतर आजार पाहतात. मग स्नेहन, स्वेदन, गरज असेल तिथे विरेचन किंवा बस्ती आणि पोटातली औषधे यांचा क्रम ठरतो. सात, चौदा किंवा एकवीस दिवस हा क्रम चालतो. मल्याळी कर्कटक महिना, साधारण मध्य जुलै ते मध्य ऑगस्ट, यासाठी विशेष मानला जातो. पावसात वात वाढतो, असे शास्त्र सांगते. याच महिन्यात केरळातल्या घरोघरी औषधी पेज करतात. सकाळच्या पेजेवर वाढलेल्या आपल्या लोकांना ती नवी वाटणार नाही.

पण सर्वांत महत्त्वाचा भाग येतो तो घरी परतल्यावर. जितके दिवस उपचार तितकेच दिवस ‘परिहार’, असा जुना दंडक आहे. दिवसा झोप नको, रात्री जागरण नको, लांबचा प्रवास, ऊन-वारा, जड जेवण, फार बोलणे नको. आपली माणसे नेमकी इथे चुकतात. एकवीस दिवस उपचार घ्यायचे आणि बाविसाव्या दिवशी लग्नाच्या पंगतीत उभे राहून वाढायचे, मग ‘काही फरक पडला नाही’ म्हणायचे, याला अर्थ नाही. उपचारांचे दिवस धरताना परिहाराचे दिवसही आधीच बाजूला काढून ठेवावेत.

मर्यादाही स्पष्ट सांगायला हव्यात. अर्धांगाचा झटका आल्याबरोबर लागते ते मोठे रुग्णालय. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण पहिल्या साडेचार तासांतच देता येते. तो वेळ ‘केरळला न्यायचे का’ या चर्चेत घालवणे म्हणजे माणूस गमावणे. आयुर्वेदाची जागा नंतरची आहे : जीवाचा धोका टळल्यावर, जखडलेले सांधे, दुबळे स्नायू, जुनी दुखणी यांना दिलासा देण्याची. तिथेही प्रत्येकाला सारखाच गुण येतो असे नाही. रक्तदाब, मधुमेह किंवा रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या मनाने बंद करू नयेत. त्यांची यादी वैद्यांना दाखवावी आणि आपल्या डॉक्टरांनाही उपचारांची कल्पना द्यावी. ताप किंवा ताजी सूज असताना तेलाचे उपचार टाळतात, हेही ध्यानात असू द्यावे.

जाण्यापूर्वी चार गोष्टी विचाराव्यात : तपासणारे वैद्य पदवीधर व नोंदणीकृत आहेत का, उपचार किती दिवसांचे, सोबत कोणी राहायचे का, आणि घरी आल्यावर पथ्य काय. जिथे तपासणीशिवाय थेट ‘पॅकेज’ हातात ठेवतात, ती जागा रोग्यासाठी नव्हे. कोट्टक्कलला जायचे तर कोकण रेल्वेने मडगावहून तिरूरला उतरून पुढे रस्त्याने जाता येते. मात्र आधी कागदपत्रे पाठवून, वैद्यांचे उत्तर आल्यावरच तिकीट काढावे. रोगी घेऊन दारात उभे राहिल्यावर खाट मिळेलच असे नाही.

आजारी माणसासाठी चार माणसांचे हात, ठरलेला वेळ आणि मन घालून केलेले पथ्य, या संस्थेची सव्वाशे वर्षांची पुंजी एवढीच आहे. यातली पहिली गोष्ट ते देतील. उरलेल्या दोन आपण घरून न्यायच्या आहेत.