परभणीची खोली पंचवीस अंशांची नसते

सकाळी नऊ

शटर वर करायच्या आधी पेपरात तापमानाचा आकडा बघतो. मे महिन्यात अख्खी परभणी तो बघते. कृषी विद्यापीठाच्या हवामान विभागानं काल किती पारा नोंदवला, आपण जळगाव-अकोल्याच्या पुढे की मागे, यावर टपरीवर पैज लागते. माझं कारण धंद्याचं आहे. मी मायक्रोवेव्ह, ओव्हन, मिक्सर दुरुस्त करतो आणि ओव्हनचा सेन्सर तपासताना खोलीचं तापमान ठाऊक नसेल तर मीटरवरच्या आकड्याला काही अर्थच उरत नाही. म्हणून दुकानाच्या भिंतीवर देवाच्या फोटोखाली काचेचा थर्मामीटर टांगलाय. आत्ताच ३५ दाखवतोय.

साडेनऊ

वसमत रोडवरून एका ताईंचा फोन. घरून केकच्या ऑर्डरी घेतात. "भाऊ, केक वरून लाल होईना अन् आतून कच्चाच राहायलाय. स्क्रीनवर तर एकशे ऐंशी बरोबर दाखवतं. सेन्सर गेलाय, मी नवा मागवून ठेवलाय. तुम्ही फक्त येऊन बसवून द्या."

ओव्हन भिंतीतला, मॉड्युलर किचनवाला. मी म्हटलं, ताई, मी येईपर्यंत एक काम करा. १९० लावा, चांगला तापू द्या, मग फॉइलच्या तुकड्यावर चमचाभर साखर आत ठेवा, पंधरा मिनिटं. नंतर बंद करून दार उघडं टाका, मला तो गार लागेल. साखर १८६ अंशांच्या आसपास वितळते. ओव्हन खरं बोलत असेल तर १९०ला ती वितळायलाच पाहिजे आणि १७५ला तशीच राहायला पाहिजे. ज्यांच्याकडे ओव्हनचा थर्मामीटर नाही त्यांच्यासाठी याच्याइतकी स्वस्त तपासणी दुसरी नाही.

दहा

गंगाखेडहून आलेला कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह टेबलावर. साधं गरम करतो, बेकिंग लावलं की एरर देऊन थांबतो. झाकण उघडल्यावर पहिलं काम कपॅसिटर डिस्चार्ज करायचं. प्लग काढलेला असला तरी त्यात दोन हजार व्होल्ट बसून राहू शकतात. हे हाताखालच्या पोराला रोज सांगतो आणि रोज सांगणार. घरी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसणाऱ्यांना माझं एकच म्हणणं: बाकी काहीही उघडा, मायक्रोवेव्ह उघडू नका.

याच्यातला सेन्सर म्हणजे थर्मिस्टर, बाजरीच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा. तापला की याचा रेझिस्टन्स कमी होतो. ही उलटी चाल फॅरडेनं १८३३ साली सिल्व्हर सल्फाइडमध्ये पाहिली होती. हिवाळ्यात तपासणी सोपी असते. दाणा चिमटीत धरला की मीटरवरचा आकडा उतरायला लागतो. मे महिन्यात बोटं आणि दुकान दोन्ही सारखीच तापलेली, आकडा ढिम्म. पोरगं लगेच म्हणालं, "उस्ताद, गेला." त्याला चहाचा ग्लास आणायला लावला, दाणा ग्लासाला बाहेरून टेकवला आणि आकडा झरझर खाली आला. सेन्सर ठणठणीत. पुढं वायर बघत गेलो तर मागच्या कोपऱ्यात उंदरानं एक वायर कुरतडलेली. तुटलेल्या वायरीचा रेझिस्टन्स अनंत, म्हणजे बोर्डाच्या हिशोबानं आत बर्फापेक्षा थंड. ते शक्य नाही हे त्याला कळतं, म्हणून तो एरर देतो. एरर ही यंत्राची तक्रार झाली, निदान आपल्यालाच करावं लागतं.

साडेअकरा

वसमत रोड. साखर पांढरीशुभ्र, फॉइलवर जशीच्या तशी. ताईंनी ती पुरावा म्हणून बशीत जपून ठेवलेली.

मेन बंद करून १६ अँपिअरचा प्लग काढला, दाराच्या चौकटीतले स्क्रू सोडवले आणि ओव्हन ओढून स्टुलावर घेतला. याच्यात पीटी-हजार सेन्सर असतो, मागच्या भिंतीतून आत डोकावणारी पेन्सिलीएवढी नळी. आत प्लॅटिनम. याची चाल सरळ: तापमान वाढलं की रेझिस्टन्स वाढतो, तोही ठरलेल्या हिशोबानं. शून्य अंशाला १००० ओहम, पुढं दर अंशाला जवळपास पावणेचार-चार ओहम. १८०ला १६८५. प्लॅटिनमचा हा गुण तापमान मोजायला किती भरवशाचा आहे हे कॅलेंडर नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञानं १८८७ साली दाखवून दिलं आणि आज प्रयोगशाळांपासून साखर कारखान्यांपर्यंत तेच चालतं. कोणत्याही कंपनीचा ओव्हन असो, पीटी-हजार असेल तर तक्ता एकच.

ताईंनी तो तक्ता बघितला होता. त्यांच्या पुतण्यानं मीटर लावूनही बघितला होता. "इंटरनेटवर लिहिलंय, खोलीच्या तापमानाला अकराशे यायला पाहिजे. आमचा अकराशे चव्वेचाळीस आला, म्हणून खराब."

इथंच मेख आहे. तक्ता लिहिणाऱ्याची खोली २५ अंशांची. तिथं १०९७ येतो, त्यालाच तो अकराशे म्हणतो. परभणीतलं मे महिन्यातलं स्वयंपाकघर, एक्झॉस्ट बंद, कुकरच्या दोन शिट्ट्या झालेल्या. मी माझा थर्मामीटर ओट्यावर ठेवला, ३७ आला. ३७ अंशांना पीटी-हजार ११४४च दाखवणार. पुतण्यानं मोजलं होतं बरोबर आणि सेन्सरही शंभर टक्के चांगला होता. या एका गैरसमजापायी मे महिन्यात किती चांगले सेन्सर कचऱ्यात जात असतील, देव जाणे.

मग केक कच्चा का? पुतण्यानं सेन्सरपाशी मोजलं, पण बोर्ड सेन्सरपाशी बसलेला नसतो. सेन्सरची वायर परत जोडली आणि बोर्डाकडचा प्लग काढून तिथं मीटर लावला. १२४०. मधल्या रस्त्यात ९६ ओहम वाढले होते. बोर्डाला ते ९६ म्हणजे २५ अंश वाटतात. ओव्हनमध्ये खरे १५५ असताना तो १८० समजतो आणि हीटर बंद करतो. स्क्रीन खोटं बोलत नव्हती, तिला जे कळवलं जात होतं तेच ती सांगत होती.

ग्लासवूल बाजूला सारलं (हात दोन दिवस खाजतात, मोजे घालायचे) आणि जोड सापडला. वाफेनं आणि फोडणीच्या तेलकट धुरानं काळा पडलेला, आतली पितळी पट्टी सैल. हलवला की मीटरवर आकडा नाचायचा.

इथं गावात एक पद्धत आहे. जोड कापायचा, सोल्डर मारायचं, टेप गुंडाळायचा. बनी तो बनी, नहीं तो परभणी. नेहमीचं शिसं-कथलाचं सोल्डर वितळतं १८३ अंशांना आणि काळा टेप त्याच्या कितीतरी आधी चिकट होऊन सुटतो. ओव्हनच्या पाठीला चिकटून असलेल्या जागी हे करणं म्हणजे पुढच्या तक्रारीची बेगमी. मी दोन्ही टोकं चकचकीत होईपर्यंत कापली, उष्णता सोसणाऱ्या टर्मिनलनं दाबून जोडली आणि वरून फायबरग्लासची नळी चढवली. बोर्डाकडं पुन्हा मोजलं, ११४५.

ओव्हन लावून १९०वर साखर ठेवली. बारा मिनिटांत कडेनं पाणी सुटलं, मग सोनेरी झाली. नवा सेन्सर परत करायला सांगितला, पाकीट फोडलेलं नव्हतं.

"मग तुम्ही बदललं काय?" ताईंच्या सासऱ्यांनी विचारलं. काहीच नाही, काका. "मग पैसे कशाचे?" हा प्रश्न मला दर आठवड्याला भेटतो. पार्ट बदलला असता तर ते मुकाट्यानं तिप्पट देते. ताईंनीच मध्ये पडून पैसे दिले.

दीड

डबा. ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी. दुकानात ४०. या वेळेला कुणी मीटर हातात धरू नये.

साडेतीन

एकजण ओटीजी घेऊन आला, याचाही सेन्सर गेल्याचं कुणीतरी सांगितलेलं. साध्या ओटीजीत सेन्सर नसतोच. बटणामागं दोन धातूंची जोडपट्टी असते, तापली की वाकते आणि संपर्क तोडते. असा ओटीजी मागणीपेक्षा पंधरा-वीस अंश वरखाली होत राहतो, तो त्याचा स्वभाव, बिघाड नव्हे. याचं फक्त बटण दांड्यावर फिरलं होतं. निशाण जुळवून दिलं.

तो जाईना, बोलत बसला. आमच्या लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत मैदा, तूप, साखरेचे डबे घेऊन बेकरीत रांग लागायची, नानकटाया भाजून आणायला. भट्टीवाला चिमूटभर पीठ आत टाकायचा, ते किती वेळात लाल होतं ते बघून ट्रे सरकवायचा. ताईंच्या साखरेचंच ते जुनं रूप.

पाच

हैदराबादच्या गुजराती गल्लीत फोन, थर्मिस्टरचे नग संपत आलेत. मॉडेल नंबर सांगितला की दुकानदार जवळचं काहीतरी पाठवतो. म्हणून २५ अंशांना किती ओहम आणि तापल्यावर किती वेगानं उतरतो, हे दोन्ही आकडे सांगूनच माल मागवायचा.

सात

पोरगं भंगाराच्या डब्यातला जुना पीटी-हजार तपासत होतं. रसवंतीवाल्याकडून बर्फ आणून पाण्यात टाकला, सेन्सर बुडवला, हजार आला. मग शेगडीवर पाणी उकळून त्यात धरला. "उस्ताद, १३८० आला. तक्त्यात शंभरला १३८५ आहे. पाच कमी. गेलाय ना?"

बर्फात हजार बरोबर आला, मग मीटरवर संशय नको. मी विचारलं, पाणी शंभरला उकळतं हे कुठलं? समुद्रकाठचं. परभणी समुद्रापासून साडेतीनशे मीटर वर आहे, इथं पाणी ९९च्या जरा आधीच उकळतं. तेवढ्याला किती ओहम येतात ते काढ.

त्यानं मोबाईलवर हिशोब केला, सेन्सर पुसला आणि चांगल्या मालाच्या डब्यात टाकला.