जर्सी उरली, क्लब गेला

पानिपत शहरापासून सात-आठ किलोमीटरवर काला अंब आहे. ज्या आंब्यावरून हे नाव पडले, तो केव्हाच गेला. आता तिथे दगडी स्तंभ, लोखंडी कठडा आणि भोवतालची बाग एवढेच आहे. तरीही दर १४ जानेवारीला महाराष्ट्रातून माणसे तिथे पोहोचतात. यंदा त्या गर्दीत पुण्याहून आलेला एक तरुण दिसला. थंडीमुळे घातलेल्या जाकिटाच्या आत विटलेली केशरी जर्सी होती. भगव्याशी मेळ म्हणून घातली असावी, असे मला वाटले. विचारल्यावर तो म्हणाला, "नाही काका, ही एफसी पुणे सिटीची आहे. तो क्लब आता नाही."

आवडता खेळाडू सोडून गेला म्हणून क्लबवरचे प्रेम आटले होते का, असे मी त्याला विचारले. त्याचे उत्तर असे होते: "खेळाडू जाणारच. त्यांचं करिअर असतं. पण क्लबच उठून गेला, तर आम्ही कुणाकडे बघायचं?"

भारतीय फुटबॉलच्या सध्याच्या दुखण्याचे याहून नेमके निदान मी ऐकलेले नाही. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीगसोबत जन्मलेला पुण्याचा हा संघ २०१९ मध्ये बंद झाला. लीगमधली त्याची जागा हैदराबाद एफसीने घेतली. त्या संघाने २०२१-२२ चे विजेतेपदही मिळवले. पण पुढे त्याचीही आर्थिक घडी विस्कटली, मालक बदलले आणि २०२५ मध्ये तो 'स्पोर्टिंग क्लब दिल्ली' या नावाने राजधानीत आला. पुण्याहून निघालेली ही जागा हैदराबादमार्गे दिल्लीला पोहोचली. गंमत अशी की, दिल्लीचा आधीचा संघ, दिल्ली डायनॅमोज, २०१९ मध्येच भुवनेश्वरला जाऊन ओडिशा एफसी झाला होता. पुण्यापुरते बोलायचे, तर पुणे एफसी, भारत एफसी, डीएसके शिवाजियन्स आणि एफसी पुणे सिटी हे चार व्यावसायिक संघ २०१५ ते २०१९ या काळात पटावरून पुसले गेले.

मुरलेला खेळाडू क्लब सोडतो तेव्हा चाहत्यांचा संताप होतो, आणि तो समजण्यासारखा आहे. मंदार राव देसाई हा गोव्याच्या मातीतला खेळाडू. एफसी गोवाकडून तो अनेक मोसम खेळला आणि २०२० मध्ये मुंबई सिटीत दाखल झाला. प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा आणि गोव्याचे आणखी काही बिनीचे खेळाडूही त्याच सुमारास मुंबईत आले. त्या मोसमात मुंबईने उपांत्य फेरीत गोव्यालाच पेनल्टींवर हरवले आणि पुढे विजेतेपद पटकावले. गोव्याच्या चाहत्यांना ते किती झोंबले असेल, याची कल्पना करता येते. त्याच वर्षी संदेश झिंगनने केरळ ब्लास्टर्स सोडले, तेव्हा क्लबने त्याचा २१ क्रमांक निवृत्त केला. निरोपालाही एक रीत असते, हे त्यातून दिसले.

पण खेळाडूच्या बाजूनेही पाहिले पाहिजे. फुटबॉलपटूची कमाईची वर्षे दहा-पंधरा. गुडघा एकदा गेला की तीही संपतात. अशा माणसाकडून फुकटच्या निष्ठेची अपेक्षा करणे हा अन्याय आहे. काला अंबच्या मैदानावर उभे राहून तर तो अधिकच जाणवतो. इब्राहिमखान गारदी निजामाची चाकरी सोडून पेशव्यांकडे आला होता. त्याच्या पलटणींना रोख आणि वेळेवर पगार हवा असे, आणि त्यावरून जुन्या सरदारांत कुरकुर चाले. आजच्या भाषेत सांगायचे, तर तो 'पैशासाठी आलेला व्यावसायिक' होता. १४ जानेवारी १७६१ रोजी त्याच्या गारद्यांनी शौर्याची शर्थ केली. तो स्वतः शत्रूच्या हाती सापडला आणि मारला गेला. चोख पगार मागणारा माणूस निष्ठावान नसतो, या समजुतीला याहून मोठे उत्तर नाही.

खजिना रिता असेल, तर निष्ठेचीही उपासमार होते, हेही त्याच मोहिमेने शिकवले. १७६० च्या ऑगस्टमध्ये सदाशिवरावभाऊंना फौजेच्या खर्चासाठी लाल किल्ल्यातील दिवाण-ए-खासचे चांदीचे छत काढावे लागले. त्यातून नऊएक लाख रुपये निघाले आणि ते पाहता पाहता संपले. छत एकदाच काढता येते. आपल्या लीगमधील अनेक मालकांनी वर्षानुवर्षे तेच केले. नियमित उत्पन्न उभे राहण्याआधी ठेवणीतला पैसा ओतला आणि तो आटल्यावर तंबू उठवला.

यात चाहता अगदीच निर्दोष आहे, असे मात्र नाही. १ जून २०१८ रोजी अंधेरीच्या मैदानावर भारताने चिनी तैपेईला ५-० असे हरवले, तेव्हा प्रेक्षक जेमतेम अडीच हजार होते. सुनील छेत्रीने त्या सामन्यात हॅट्ट्रिक केली होती. त्यानंतर त्याने चित्रफितीतून लोकांना हात जोडून विनवले: मैदानावर या, हवे तर आम्हाला शिव्या द्या, पण या. तीन दिवसांनी, केनियाविरुद्धच्या त्याच्या शंभराव्या आंतरराष्ट्रीय सामन्याला, तेच मैदान तुडुंब भरले. एका माणसाच्या शब्दावर जमलेली ही गर्दी हृद्य होती, पण तिच्यावर कोणत्याही व्यवसायाचा ताळेबंद उभा राहू शकत नाही. छेत्रीने २०२४ च्या जूनमध्ये आंतरराष्ट्रीय निवृत्ती घेतली आणि पुढच्याच मार्चमध्ये, वयाच्या चाळिशीत, त्याला पुन्हा बोलवावे लागले. त्याच्या जागी कुणाला तयार करायचे, याचा विचार वेळेवर झाला नव्हता.

मूळ दोष रचनेत आहे. २०१० मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने व्यावसायिक हक्क पंधरा वर्षांसाठी एका कंपनीला सातशे कोटी रुपयांना दिले. तो करार डिसेंबर २०२५ मध्ये संपणार हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. तरी नव्या व्यवस्थेविना मोसम लांबणीवर पडला, छेत्रीच्या बंगळुरू एफसीने ऑगस्टमध्ये खेळाडू आणि कर्मचाऱ्यांचे पगार अनिश्चित काळासाठी थांबवले आणि डिसेंबरात सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटीतून अंग काढून घेतले. निष्ठेने राहणाऱ्या खेळाडूलाही क्लब पगाराची हमी देऊ शकत नसेल, तर जाणाऱ्याला दोष कोणत्या तोंडाने द्यायचा?

बाहेरच्या जगातही पैशाचा दाब असतोच. २०२१ च्या ऑगस्टमध्ये बार्सिलोनाला वेतनमर्यादेच्या नियमांमुळे लिओनेल मेस्सीला ठेवता आले नाही. तो रडत रडत निघाला. पण क्लब जागेवर राहिला, कारण त्याचे मालक सभासद आहेत. जर्मनीत क्लबमधील निम्म्याहून अधिक मतदानाचा हक्क सभासदांकडे राहावा, असा नियम आहे. इंग्लंडने हा धडा ठेच लागून शिकला. लंडनचा विम्बल्डन क्लब २००३ मध्ये मिल्टन कीन्सला हलवला गेला. हा बेत मान्य नसलेल्या चाहत्यांनी आदल्याच वर्षी एएफसी विम्बल्डन हा स्वतःचा क्लब काढला होता. तो अगदी तळाच्या गटांतून चढत २०११ मध्ये फुटबॉल लीगमध्ये पोहोचला. जुलै २०२५ मध्ये तिथे फुटबॉल प्रशासनाचा कायदा झाला. क्लबांच्या आर्थिक तब्येतीवर देखरेख ठेवणारा स्वतंत्र नियामक त्याने आणलाच, शिवाय क्लबचे बोधचिन्ह, रंग आणि मैदान यांनाही संरक्षण दिले.

आपल्याकडेही चाहत्यांचा आवाज पोहोचू शकतो, हे कोलकात्याने दाखवले आहे. १८८९ साली स्थापन झालेल्या मोहन बागानच्या नावापुढे २०२० मध्ये एटीके ही अक्षरे लागली. चाहत्यांनी तीन वर्षे विरोध लावून धरला आणि २०२३ मध्ये मालकांना ती काढावी लागली. पुण्याच्या चाहत्यांमागे मात्र सव्वाशे वर्षांची परंपरा नव्हती. ज्यांची मुळे अजून रुजायची आहेत, त्यांनाच कायद्याच्या कुंपणाची अधिक गरज असते.

२०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने महासंघांवर राष्ट्रीय क्रीडा मंडळ आणले, तंट्यांसाठी न्यायाधिकरण दिले, खेळाडूंना कार्यकारिणीत स्थान दिले. हे स्वागतार्ह आहे. पण व्यावसायिक क्लब आणि त्यांचे चाहते यांच्यातील नाते त्याच्या कक्षेबाहेरच राहते. ही उणीव क्लबांच्या परवान्याच्या अटींतून भरून काढता येईल. शहर, नाव किंवा रंग बदलायचा तर एक पूर्ण मोसम आधी जाहीर सूचना आणि नोंदणीकृत चाहत्यांशी सल्लामसलत बंधनकारक असावी. खेळाडू व कर्मचाऱ्यांच्या सहा महिन्यांच्या पगाराइतकी बँक हमी घेतल्याशिवाय परवाना देऊ नये. क्लब बंद झाल्यास त्याच्या कुमार अकादमीतील मुलांची पुढील सोय कोण करणार, हेही आधीच लिहून घ्यावे.

राज्य सरकारांच्या हातातही एक साधन आहे आणि ते फारसे कुणी वापरत नाही. पुण्याचा संघ बालेवाडीच्या ज्या मैदानावर खेळे, ते शासनाचे आहे. बहुतेक क्लबांचे तसेच आहे. सार्वजनिक पैशातून उभे राहिलेले मैदान भाड्याने देताना केवळ दर ठरवून भागत नाही. त्या शहराशी किमान काही वर्षांची बांधिलकी करारात मागता येते आणि ती मोडल्यास भरपाईही घेता येते. प्रशासनात साडेतीन दशके काढल्यावर एवढे नक्की सांगू शकतो की, अट करारात नसेल तर नंतरची हळहळ फायलीत चढत नाही.

निघताना त्या तरुणाला मी विचारले, दिल्लीच्या संघाचा सामना पाहायला जाणार का? तो थोडा वेळ स्तंभाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "पुण्यात परत कुणी संघ काढला, तर पहिलं तिकीट माझं." जर्सीचा प्रश्न मी काढला नाही. जाकिटाची साखळी ओढून तो पुण्याच्या बसकडे निघून गेला.