ओळ दिसते, पण पोचत नाही

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने आपल्याकडे इंटरनेट सर्वांसाठी खुलं केलं. विद्यार्थ्यांसाठी त्यात स्वस्तातलं 'शेल अकाउंट' होतं. मुलुंड-बोरिवलीच्या घरांतून मोडेमची किरकिर ऐकत मुलं फोन जोडत. पडद्यावर चित्रबित्र काही नाही, नुसती अक्षरं! टपाल 'पाइन'मध्ये वाचायचं, वेबपानं 'लिंक्स'मध्ये. आपण टाइप केलेलं तारेच्या दुसऱ्या टोकाच्या युनिक्स यंत्रावर जाई. अक्षरांच्या या खिडकीला टर्मिनल म्हणतात. आज पवईच्या आयआयटीतला विद्यार्थी लिनक्सवर काम करतो, तेव्हाही ती समोर असतेच.

या खिडकीत एक मर्यादा दडलेली आहे. आपण टाइप करतो ती अक्षरं लगेच प्रोग्रामला मिळत नाहीत. 'एंटर' दाबेपर्यंत यंत्रणा ती स्वतःजवळ साठवते, म्हणूनच चुकलेलं अक्षर आपल्याला खोडता येतं. या साठवणीच्या जागेला बफर म्हणतात. लिनक्समध्ये एका ओळीसाठी ती ४०९६ बाइटची आहे, 'एंटर'ची खूण धरून. म्हणजे मजकुराला उरले ४०९५.

त्यापुढे टाइप केलं तर? गंमत इथेच आहे. अक्षरं पडद्यावर उमटत राहतात, पण आत घेतली जात नाहीत. तक्रार नाही, सूचना नाही. मॅकवर ही मर्यादा १०२४ची आहे, पण तिथे ती भरली की यंत्र निदान 'टुंग' करून सांगतं. मला विचाराल तर तोंडावर नकार देणारं यंत्र परवडलं.

मर्यादा मुळात का? युनिक्स १९६९ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत जन्मलं, तेव्हा टर्मिनल म्हणजे सेकंदाला दहा अक्षरं खडखडवणारा टेलिप्रिंटर. स्मरणशक्ती तुटपुंजी आणि ती सगळ्यांत वाटलेली. एका टर्मिनलने भसाभस अक्षरं ओतली तर बाकीच्यांनी काय करायचं? १९७५च्या सहाव्या आवृत्तीत ही हद्द २५६ होती आणि तिचं नाव होतं 'टीटीवाय-हॉग'. हॉग म्हणजे डुक्कर, अधाशी. हद्द ओलांडली की साठलेलं सगळंच फेकून दिलं जाई!

आता आपल्या मराठीचं बघू. यंत्र अक्षरं मोजत नाही, बाइट मोजतं. सध्याच्या युनिकोडच्या प्रचलित पद्धतीत, म्हणजे यूटीएफ-८ मध्ये, रोमन अक्षराला एक बाइट लागतो आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. काना, मात्रा, अनुस्वार, पाय मोडल्याची खूण, सगळी वेगळी चिन्हं. रोमन लिपीत 'मुलुंड' सहा बाइटांत बसतं; देवनागरीत त्याला अठरा लागतात. 'स्त्री' हा एवढासा शब्द, पण त्यालाही अठराच.

मी घरी लिनक्सवर करून पाहिलं. साधी 'कॅट' आज्ञा दिली आणि दोन हजार वेळा 'अ' असलेली एकच ओळ चिकटवली. पडद्यावर सगळे 'अ' आले. फाइलमध्ये गेले फक्त १३६५. आता हेच एखाद्या अर्जाच्या मजकुराबाबत झालं तर? वर्डमधला अख्खा परिच्छेद यंत्राच्या दृष्टीने एकच ओळ असतो. दोनशे-सव्वादोनशे मराठी शब्दांनंतर त्याची शेपूट कापली जाईल, आणि इंग्रजीत तेवढेच शब्द सहज निभावून जातील.

मराठी संगणकावर नीट दिसावी यासाठी मुंबईच्या उपनगरांत मोठं काम झालं. जुहूच्या एनसीएसटी या संस्थेत (पुढे ती सी-डॅकमध्ये विलीन झाली) र. कृ. जोशी यांनी देवनागरीचे टंक घडवले. पण दिसणं वेगळं आणि आतली मोजदाद वेगळी. खोडण्याची कळ दाबल्यावर बाइट नव्हे तर अख्खं चिन्ह जावं, ही सोयसुद्धा लिनक्समध्ये २००४ साली आली.

उपाय अवघड नाही. लांब ओळ टर्मिनलात चिकटवू नये. ती आधी एडिटरमधून फाइलमध्ये साठवावी आणि प्रोग्रामला फाइलच द्यावी. एडिटर एकेक अक्षर स्वतः उचलतात, 'पाइन'ही तेच करी, म्हणून तिथे ही अडचण येत नाही. चिकटवणं टळणारच नसेल तर मधे मधे 'एंटर' दाबून ओळी तोडाव्यात, आणि शेवटी 'डब्ल्यूसी' या आज्ञेने फाइलचे बाइट मोजावेत. आकडा नेमका ४०९६ आला, तर शेवटची ओळ उघडून वाचा.