नळवाहिनीचे आधार आणि प्रतिबल-विश्लेषण

नळवाहिनीच्या प्रतिबल-विश्लेषणात आधार म्हणजे केवळ वजन पेलणारी वस्तू नव्हे. तो कोणत्या दिशेची हालचाल रोखतो व कोणती मोकळी सोडतो, हे गणितीय प्रतिमानात स्पष्ट मांडावे लागते. साधी बैठक नळास फक्त खालून रोखते. तापून नळ वर उचलला गेल्यास तिच्यावरील भार शेजारच्या आधारांवर जातो. १० मीटर लांबीचा साधा पोलादी नळ १०० अंश सेल्सिअस तापमानवाढीने सुमारे १२ मिलिमीटर लांबतो. दोन्ही टोके जखडल्यास मोठे प्रतिबल निर्माण होते.

इंग्लंडमधील फ्लिक्सबरो येथील १ जून १९७४ चा स्फोट या दृष्टीने बोधप्रद आहे. तेथे काढलेल्या अभिक्रियापात्राच्या जागी २० इंच व्यासाचा, मध्ये वाकलेला तात्पुरता नळ दोन लवचीक बेलोजच्या दरम्यान बसविला होता. दोन टोकांवरील दाबाची बले एका रेषेत नसल्याने नळ वळू पाहत होता. खालची परांची वजन पेलत होती. हे वळणे रोखणारा आधार नव्हता. या बलांचे गणित केलेच नव्हते, असे चौकशीत आढळले. या स्फोटात २८ जण मृत्युमुखी पडले.

सारांश, आधाराची निवड वजनावरून नव्हे, तर सर्व दिशांच्या बलांवरून व्हावयास हवी.